ताप कुणासोबत फिरतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात आम्ही लिहिलं होतं की पावसाळी तापाबद्दल जे विचारायचंय ते विचारा, तर पत्रं आणि व्हॉट्सअॅप मिळून ढीगच आला, आणि वाचता वाचता लक्षात आलं की निम्म्याहून जास्त लोकांचा प्रश्न एकच आहे, आमच्या घरात डास नाहीत मग ताप आला कुठून? मी हेल्थ सेंटरच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं रक्ताच्या स्लाइड बघितल्या, रिटायर होऊन चार वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मला कळलंय ते असं की हा प्रश्न सोडवायचा तर माणूस दिवसभर कुठे कुठे असतो हेच आधी विचारावं लागतं. म्हणून यावेळी थोडे प्रश्न घेतलेत पण उत्तरं सविस्तर दिलीत. नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (फोंडा): माझे मिस्टर नोकरीला रोज बसने पणजीला जातात, सकाळी सातला निघतात ते संध्याकाळी सातला घरी. त्यांना डेंग्यू झाला. मी घरात कुठेच पाणी साठू देत नाही, पंचायतीने दोनदा फॉगिंग केलं, शेजारी कुणालाच काही नाही. तरी शेजारीण वाड्यावर सांगत सुटलीय की यांच्याच घरात डास आहेत. मला फार वाईट वाटतंय, काय करू?

उत्तर: ताई, आधी मनातून ते काढून टाका, तुमचं काही चुकलेलं नाही. आता नीट बघू. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस इजिप्ती, काळा, पायांवर पांढरे पट्टे, तो दिवसा चावतो, सकाळी ऊन वर आल्यावर दोन-तीन तास आणि मग संध्याकाळी अंधार पडायच्या आधी त्याचा जोर जास्त असतो, पण ऑफिससारख्या सावलीच्या जागी तो दुपारीसुद्धा चावतो, टेबलाखाली, पडद्यामागे, फायलींच्या कपाटामागे दबा धरून बसलेला असतो. आणि हा डास लांब उडत नाही हो. जिथे जन्मतो तिथून शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे सहसा जातच नाही, अख्खं आयुष्य एकाच वाड्यावर काढतो. फोंड्याहून पणजी जवळपास तीस किलोमीटर, तिथला डास काही बसमध्ये बसून तुमच्याकडे यायचा नाही, आणि तुमच्या घरातला पणजीला जायचा नाही. ये-जा कोण करतं? तुमचे मिस्टर.

त्यामुळे ताप आला त्या दिवसापासून मागे मोजा. डास चावल्यापासून ताप यायला चार ते दहा दिवस लागतात, तर त्या चार ते दहा दिवसांत ते दिवसाउजेडी कुठे होते ते लिहून काढा. ऑफिस, चहाची टपरी, बसची वाट बघायची जागा, जेवणानंतर जिथे जरा टेकतात ती खोली, मग एखाद्या रविवारी कुणाकडे बारसं असेल ते. घरी ते जागे असतात तेव्हा बहुतेक अंधारच असतो, म्हणजे एडिसच्या कामाच्या वेळेत ते तुमच्या घरात नसतातच. मी असती तर पहिल्यांदा ऑफिसमध्ये विचारलं असतं की गेल्या महिन्यात अजून कुणाला ताप होता का, गच्चीवरच्या टाकीला झाकण आहे का, कूलरमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, पावसाचं पाणी साचलेली ताडपत्री, हे सगळं कुणी बघितलंय का. आपल्याकडे घरं तपासायला माणसं येतात, पण ऑफिसची गच्ची कुणाची हे कुणालाच माहीत नसतं, आणि मला स्वतःला ही आपली सगळ्यात मोठी उणीव वाटते.

फॉगिंगबद्दल पण सांगते कारण बाकीच्या पत्रांतही तेच आहे. धूर फक्त त्या क्षणी उडत असलेल्या डासाला मारतो, पाण्यातल्या अळीला तो काही करत नाही, घरात कपाटामागे बसलेल्या एडिसपर्यंत तर पोचतच नाही. अळ्यांचे पुढच्या आठ-दहा दिवसांत परत डास होतात. म्हणून धूर केला म्हणजे काम झालं असं समजून बसू नका.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आत्ताच करायची आहे. मिस्टरांना ताप होता ते दिवस ते घरी झोपून होते ना, त्या पाच-सहा दिवसांत त्यांच्या रक्तात व्हायरस होता, आणि तेव्हा तुमच्या घरातला एखादा जरी एडिस त्यांना चावला असेल तर तो आठ ते बारा दिवसांनी दुसऱ्याला डेंग्यू द्यायला तयार होतो. म्हणजे पणजीचा ताप फोंड्यात रुजायची वेळ आत्ता आहे. पुढचे तीन आठवडे घराभोवती शंभर पावलं सगळं पाणी उपसा, आणि शेजारणीलाही बोलवा, तिच्या अंगणापासूनच सुरुवात करा, भांडण मिटायला याहून बरा मार्ग मला सुचत नाही.

प्रश्न (डिचोली): आम्ही नोकरीसाठी वास्कोला राहतो, मूळ घर डिचोली तालुक्यात. चवथीला, म्हणजे गणपतीला, सगळे भाऊ, जावा, मुलं मिळून पंचवीस माणसं जमतात, घर वर्षभर बंद असतं. दिराच्या मुलाला गेल्या आठवड्यात डेंग्यू निघाला. जाऊ नये असं काहीजण म्हणतात. चवथ चुकवायची कशी? आणि गेलो तर काय काळजी घ्यायची?

उत्तर: चवथ चुकवू नका. पण हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला फार आनंद झाला कारण आपल्या गोव्यात तापाचं कोडं जर कुठे सुटत असेल तर ते इथेच.

पेरू देशात अॅमेझॉनच्या जंगलात इक्वितोस म्हणून शहर आहे, तिथे रस्त्याने जाताच येत नाही, होडीने किंवा विमानानेच. तिथे संशोधकांनी बरीच वर्षं डेंग्यूचा अभ्यास केला, लोकांच्या गळ्यात छोटी जीपीएस यंत्रं अडकवली, आणि घरोघरी जाऊन विचारलं की गेल्या पंधरा दिवसांत कुठे कुठे गेला होता. २०१३ मध्ये त्यांनी छापलेला निष्कर्ष असा, की ताप घराघरांतून पसरतो आणि तो पसरवण्यात माणसांच्या एकमेकांच्या घरी जाण्यायेण्याचा वाटा सगळ्यात मोठा आहे. बाजारापेक्षा, चौकापेक्षा मावशीचं घर, आजीचं घर, मित्राचं घर. माणसं दिवसभरात फार ठिकाणी जातच नाहीत, ठरलेल्या चार घरांत परत परत जातात, आणि नातेवाईक एकाच घरी जातात म्हणून एकाच्या घरचे सगळे आणि दुसऱ्याच्या घरचे सगळे एकाच डासाच्या तावडीत सापडतात. हे वाचलं तेव्हा मला वाटलं अरे हे तर आपल्या चवथीचंच वर्णन आहे.

आमच्याच घरचं सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या मूळ घरी चवथीला भाचा आला होता शहरातून, अंग जरा गरम होतं, गोळी घेतली आणि आरतीला उभा राहिला, झांजा वाजवल्या, दीड दिवसाने विसर्जन करून गेला. त्याचं नंतर काही निघालं नाही. पण बरोबर तीन आठवड्यांनी आमच्या थोरल्या वहिनीला डेंग्यू झाला, जी तुळशीपलीकडे कुठे जात नाही, बाजारसुद्धा करत नाही, सगळे म्हणाले हिला कुठून झाला. मी दिवस मोजले. भाच्याला चावलेला डास तयार व्हायला आठ ते बारा दिवस, मग तो वहिनीला चावला, मग तिला ताप यायला चार ते दहा दिवस, अगदी जुळतं. वहिनी कुठे गेली नव्हती, ताप तिच्याकडे पाहुणा म्हणून आला होता. मी लॅबमध्ये काम करणारी बाई, त्या दिवशी मी स्वतः भाच्याच्या कपाळाला हात लावला होता आणि काही बोलले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून दोन्ही बाजूंनी विचार करा. तुम्ही वास्कोहून जाता तेव्हा तुमच्यातला कुणी, स्वतःला काही त्रास नसतानासुद्धा, व्हायरस घेऊन जाऊ शकतो, डेंग्यू झालेल्यांपैकी साधारण चारातल्या तिघांना तर काही जाणवतच नाही किंवा किरकोळ कणकण येते, आणि ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणसाच्या रक्तातून डासाला लागण होऊ शकते. तो ताप मग गावात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला येतो. उलट गावात आधीच लागण झालेले डास असले तर पंचवीस पाहुणे दोन दिवसांत तो ताप घेऊन वास्को, मडगाव, पुणे, मुंबई असे पांगतात, आणि आठवड्याने सगळ्यांना वाटतं की चवथीच्या दगदगीने ताप आला.

आता करायचं काय. घर वर्षभर बंद आहे ना, तर कुणीतरी एकाने चवथीच्या आदल्या दिवशी न जाता आठ-दहा दिवस आधी जाऊन यावं. परसातल्या करवंट्या, फुटकी कौलं, जुनी घागर, न्हाणीतला हंडा, रगडा, मोटारीचा टायर, केळीच्या आणि अळवाच्या बेचक्यात साचलेलं पाणीसुद्धा. एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, पाणी भरलं की जिवंत होतात. म्हणजे नुसतं पाणी ओतून चालत नाही, काथ्याने कडा घासायला लागतात. विहिरीत गप्पी मासे सोडा, हेल्थ सेंटरमध्ये विचारलं तर मिळतात. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट, बांधायला आणलेलं सामान, नारळ, फुलं, ती ओली ठेवायची भांडी रोज रिकामी करा.

दिराच्या मुलाचं म्हणाल तर ताप सुरू झाल्यापासून आठवडा उलटला असेल आणि ताप पूर्ण गेला असेल तर त्याच्याकडून आता डासाला लागण व्हायची भीती उरलेली नाही, त्याला अशक्तपणा असेल, तेवढं बघून न्या. पण ज्याला आत्ता ताप आहे किंवा चवथीच्या दोन दिवस आधी कणकण सुरू झालीय त्याने घरीच थांबावं, कितीही जिवावर आलं तरी. आणि तिथे असताना कुणाला ताप आला तर मच्छरदाणीत झोपवा, नुसतं रात्री नव्हे हो, दिवसासुद्धा. आपल्याकडे जेवणं झाली की सगळे ओटीवर, सोप्यावर आडवे होतात, दोन वाजता उघड्यावर झोपलेली वीस माणसं म्हणजे एडिसला पानच मांडलेलं आहे. अंग झाकेल असे कपडे, मुलांच्या पायांना डासाचं मलम, आणि पंखा सुरू, इतकं करून झोपा.

प्रश्न (मडगाव): आमच्या बाजूला मोठी बिल्डिंग होतेय. दुसऱ्या राज्यांतून आलेले कामगार तिथेच पत्र्याच्या खोल्यांत राहतात. दोघांना मलेरिया निघाला. सोसायटीत सगळे म्हणतात हे लोक रोग आणतात, यांना हलवा. तुमचं मत काय?

उत्तर: माझं मत स्पष्ट आहे, हलवू नका, त्यांच्या रक्ताची तपासणी करायला लावा आणि बिल्डरला पाणी उपसायला लावा.

मलेरियाचा डास वेगळा, अॅनाफिलीस, आणि शहरातला मलेरिया पसरवतो तो त्यातला स्टीफेन्साय, तो रात्री चावतो आणि स्वच्छ पाण्यात वाढतो, विहिरीत, गच्चीवरच्या टाकीत, आणि सगळ्यात जास्त म्हणजे बांधकामावर, स्लॅब टाकल्यावर त्याच्यावर पाणी साठवून ठेवतात ना दिवसेंदिवस, लिफ्टच्या खड्ड्यात साचतं, त्यात. गोव्यात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत मलेरिया वाढला तेव्हा बांधकामांची अशीच घाई होती, मग रक्त तपासणं, विहिरी आणि टाक्यांत मासे आणि अळ्या मारणारे जिवाणू सोडणं असे प्रयोग इथेच झाले, त्यात आपल्याच पाण्यातला अप्लोकिलस नावाचा छोटा मासासुद्धा वापरून बघितला होता. बांधकामावरच्या मजुरांना हेल्थ कार्ड असतं ते याच्याचमुळे.

आता विचार करा, त्या दोघांतला एखादा गावाहून येताना रक्तात परजीवी घेऊन आला असेलही. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी तर यकृतात लपून महिनोन्महिने झोपून राहतो आणि मग परत ताप येतो, म्हणून त्याची गोळी चौदा दिवस घ्यायला लागते, आणि मजूर ती पूर्ण करत नाही कारण तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की त्याला कामावर जायला लागतं, नाहीतर पगार कापतात. पण परजीवी आणला म्हणून मडगावात मलेरिया पसरत नाही, पसरायला इथला डास लागतो, आणि तो डास बिल्डरच्या पाण्यात जन्मतो. पत्र्याच्या खोलीत उकडतं म्हणून मुलं रात्री बाहेर उघड्यावर झोपतात, मच्छरदाणी नाही, पहिला डास त्यांनाच चावतो. जो सगळ्यात जास्त सोसतो त्यालाच आपण दोष द्यायचा हे मला पटत नाही.

आणि माणसं फिरतात म्हणून रोग फिरतो हे खरं असलं तरी फिरणारे फक्त मजूरच आहेत का? गोव्यातल्या किती घरांतली मुलं बोटीवर आहेत, आफ्रिकेच्या बंदरांना लागतात, सुट्टीत घरी येतात, त्यांना कुणी म्हणतं का हलवा म्हणून? माझ्या लॅबमध्ये असा एक बोटीवरचा मुलगा आला होता, थंडी वाजून ताप, चार दिवस घरी काढे पीत बसलेला, आणि त्याने बाहेरून आलोय हे सांगितलंच नव्हतं. स्लाइडवर फाल्सिपॅरम होता, मलेरियाचा जास्त धोक्याचा प्रकार. सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी निदान झालं असतं. हलवलेला मजूर दुसऱ्या साइटवर जाईल, औषध अर्धवट टाकून जाईल, आणि तिथे परत तेच.

प्रश्न (वाळपई): आमच्याकडे काजूच्या हंगामात माकडतापाची भीती असते. तो पण डासानेच होतो का?

उत्तर: नाही, तो गोचिडीने होतो, जंगलातल्या, आणि डासांचे उपाय त्याला लागू पडत नाहीत. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. माणसाच्या फिरण्याचा संबंध मात्र इथेही आहे, काजू वेचायला, लाकडं आणायला रानात गेलेल्यालाच गोचीड चिकटते. पूर्ण कपडे, अंगाला गोचीड दूर ठेवणारं तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात, आणि माकड मेलेलं दिसलं की हात न लावता हेल्थ सेंटरला कळवा.

प्रश्न (पणजी, कॉलेजमधली विद्यार्थिनी): आम्हाला प्रोजेक्ट आहे. मोबाइलवरून माणसं कुठे जातात ते कळतं आणि त्यावरून रोग कुठे पसरेल ते सांगता येतं असं सर म्हणाले. खरं आहे का? आणि लॉकडाऊनमध्ये सगळे घरात होते तेव्हा डेंग्यू कमी झाला होता का?

उत्तर: छान विषय घेतलायस. हो, खरं आहे. तुझा फोन कुठल्या टॉवरला जोडला गेला याची नोंद कंपनीकडे असते, त्यातून नाव-नंबर काढून टाकून नुसती ये-जा बघितली की कुठल्या गावातून कुठल्या गावात किती माणसं जातात त्याचा नकाशा तयार होतो. केनियात जवळपास दीड कोटी ग्राहकांच्या वर्षभराच्या नोंदी घेऊन मलेरियाच्या नकाशावर ठेवल्या, तो अभ्यास २०१२ मध्ये आला, त्यात दिसलं की व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूने लागण घेऊन माणसं राजधानी नैरोबीकडे येतात. म्हणजे नैरोबीतला मलेरिया कमी करायचा तर औषध आणि मच्छरदाण्या सरोवराकाठी आधी पोचायला हव्यात. पाकिस्तानात २०१३ साली डेंग्यूची मोठी साथ आली तेव्हा सुमारे चार कोटी ग्राहकांच्या नोंदींवरून अशीच गणितं केली आणि साथ कुठल्या भागात साधारण केव्हा पोचेल ते बऱ्यापैकी आधी सांगता येतं असं दिसलं. पण लक्षात ठेव, टॉवरच्या नोंदीतून गाव कळतं, घर कळत नाही, आणि वर इक्वितोसचं मी लिहिलंय त्यात घरच महत्त्वाचं आहे. तुझ्या प्रोजेक्टला मी सांगेन की दोन्ही वाच, मोठा नकाशा एक आणि एका वाड्यावरचं फिरणं एक.

लॉकडाऊनचं उत्तर एका शब्दात नाही देता येणार. दक्षिणपूर्व आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २३ देशांचे आकडे घेऊन एक अभ्यास झाला, त्यात २०२० मध्ये अपेक्षेपेक्षा सुमारे ७ लाख २० हजार केसेस कमी झाल्या असा हिशोब निघाला, आणि त्याचा सगळ्यात जवळचा संबंध लागला तो शाळा बंद असण्याशी आणि लोक घराबाहेरच्या जागी कमी जाण्याशी. म्हणजे शाळा आणि बाहेरच्या जागा हीसुद्धा लागणीची ठिकाणं आहेत. पण त्याच वर्षी सिंगापूरमध्ये ३५ हजारांवर केसेस झाल्या, तोपर्यंतचा तिथला उच्चांक. माणसं दिवसभर घरात, आणि डासही घरातच. म्हणून माणसाला घरात बसवणं हा काही उपाय नव्हे बाळा, तो जिथे बसतो तिथलं पाणी बघायला लागतं. तुझ्या कॉलेजच्या गच्चीवरूनच सुरुवात कर, दर आठवड्याला एक फेरी, कुठे किती भांड्यांत अळ्या सापडल्या ते लिहीत जा, तुझे स्वतःचे आकडे होतील.

प्रश्न (म्हापसा): माझी मुलगी तिसरीत आहे. शाळेत फ्रॉक आणि आखूड मोजे. रात्री मी गुडनाइट लावते, मच्छरदाणी लावते. पुरे ना?

उत्तर: रात्रीचं चांगलंय, मलेरियासाठी चालूच ठेवा, पण डेंग्यूचा डास तिला शाळेत भेटणार. आपल्याकडे शाळा सकाळी लवकर भरते ती दुपारी सुटते, म्हणजे एडिसचा सकाळचा जोर असतो ती सगळी वेळ मुलं बाकावर पाय सोडून बसलेली, आणि बाकाखाली अंधार. सकाळी डबा भरून झाला की लगेच पायांना मलम लावा. पालक-शिक्षक सभेत विचारा की पावसाळ्यात पूर्ण पँट किंवा लांब मोजे चालतील का, बऱ्याच मुख्याध्यापकांना कुणी विचारलेलंच नसतं. आणि दर शनिवारी मुलांना घेऊन शाळेच्या आवारात पाणी शोधायची फेरी काढा म्हणावं, अळीपासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एकदा पुरतं. मुलांना अळ्या शोधायला फार आवडतं, माझ्या अनुभवात मोठ्यांपेक्षा ती जास्त शोधतात.

प्रश्न (पेडणे, वय ७६): आमच्या लहानपणी शेतात डासांचे थवे होते, पण हा डेंग्यू, चिकनगुनिया काही ऐकला नव्हता. आता डास तेवढेच, मग रोग कुठून आले? आणि मी अजून संध्याकाळी शेतावर जातो, मला डेंग्यू होईल का?

उत्तर: काका, नमस्कार. शेतातले डास वेगळ्या जातीचे, क्यूलेक्स, भातशेतीच्या पाण्यातले, त्यांच्याने डेंग्यू होत नाही. त्यांच्यातल्या काही जातींनी जपानी मेंदूज्वर होतो, तो डुकरं आणि बगळ्यांमधून डासात येतो, माणसाला झाला तर गंभीर असतो, पण माणसाच्या रक्तात तो एवढा वाढत नाही की दुसरा डास त्याच्याकडून उचलेल. म्हणजे तो ताप माणसाशी येऊन थांबतो, आणि माणूस बसने कुठेही गेला तरी तो त्याच्याबरोबर पसरत नाही. नातवंडांना त्याची लस दिलीय का तेवढं बघा.

डास तेवढेच मग रोग कुठून, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला. चिकनगुनियाचं बघा, १९७३ मध्ये आपल्या महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला मोठी साथ आली होती, नंतर तीस-बत्तीस वर्षं देशात जवळजवळ काहीच नाही, डास मात्र होतेच. मग २००५च्या शेवटी परत सुरू झालं आणि २००६ मध्ये देशात १३ लाखांवर संशयित केसेस झाल्या, आणि तपासल्यावर कळलं की हा बार्शीवाला जुना व्हायरस नव्हेच, आफ्रिकेकडचा आहे, हिंदी महासागरातल्या बेटांवर साथ होती तिथून आलेल्या वंशाचा. एवढा समुद्र डासाने ओलांडला नाही, माणसांनी ओलांडला. तुमच्या लहानपणी पेडण्याहून म्हापशाला जायचं तर बाजाराचा दिवस बघून जायचे, आता तुमच्या वाड्यावरून रोज किती जण पणजीला जाऊन संध्याकाळी परत येतात ते मोजा. तीच वाट आहे. तुम्ही शेतावर निर्धास्त जा, बाह्या तेवढ्या खाली करा, पण सकाळी पेपर वाचत पडवीत बसता ना, पायाशी कुंडीखालची बशी असेल तर ती आधी उलटी करा.

प्रश्न (वास्को): डेंग्यू झाला होता, पाचव्या दिवशी ताप उतरला. कंपनीतून फोन येतायत, कामावर जाऊ का?

उत्तर: नका जाऊ दादा, अजून दोन दिवस तरी नाहीच. डेंग्यूत ताप उतरला की बरं झालं असं वाटतं, पण तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तासच सगळ्यात धोक्याचे असतात, तेव्हा रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं आणि बीपी घसरतं. पोटात सतत दुखतंय, वांत्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप झोप किंवा बेचैनी, हातपाय गार, लघवी कमी, यातलं एकही असलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. पॅरासिटामॉल सोडून दुसरी दुखण्याची गोळी नको, अॅस्पिरिन, ब्रुफेन तर अजिबात नको, त्याने रक्तस्राव वाढतो. पाणी, पेज, नारळपाणी, ओआरएस घेत राहा. आणि भेटायला येणाऱ्यांना सांगा की आठवडाभर फोनवरच बोलू. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला फळं घेऊन दुपारी अख्खा वाडा येतो, प्रेमानेच येतो, पण तुम्हाला चावलेले डास त्याच खोलीत असतात आणि आणखी आठवड्याभरात तेच डास पुढच्याला ताप द्यायला तयार झालेले असतात. कंपनीला डॉक्टरांची चिठ्ठी व्हॉट्सअॅप करा, आणि सोबत हेही लिहा की मी रोज ज्या शेडमध्ये काम करतो तिथल्या टाक्या आणि ड्रम कुणीतरी आजच बघा.